राणीच्या बागेतले सगळ्यात जुने रहिवासी

मागच्या काही भागांत किल्ले झाले, लढाया झाल्या. मग तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं म्हणणं आलं, की लोकलनं जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परत येता येईल अशा एखाद्या जागेबद्दल बोला ना. तर आज भायखळा. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि चालत सुटायचं. रस्ता विचारताना 'वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय' असं म्हणालात तर समोरचा दोन सेकंद थांबेल. 'राणीची बाग' म्हणा, लगेच हात वर करून दाखवेल.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी गेलो होतो. पूर्वी इथं मोठ्यांना पाच रुपये आणि लहानांना दोन रुपये तिकीट होतं. २०१७ मध्ये ते मोठ्यांना पन्नास झालं. आई-वडील आणि दोन मुलं असतील तर चौघांचे मिळून शंभर. आमच्यातल्या एकानं खिडकीवर 'काका, आम्हीपण फॅमिलीच आहोत' असं म्हणून पाहिलं. काकांनी मानही वर केली नाही, चार तिकिटं पुढं सरकवली.

तिकीट का वाढलं? पेंग्विन. हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून विमानानं मुंबईत आले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला आणि त्यावरून शहरात बरंच राजकारण तापलं. मार्च २०१७ मध्ये उरलेले सात लोकांना बघायला मिळाले. १५ ऑगस्ट २०१८ ला एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. पण तेही आठवडाभरच जगलं. नंतरची पिल्लं मात्र तगली, आणि आता तिथं चांगला गोतावळा आहे.

आम्ही पण आधी तिकडंच धावलो. काचेपलीकडं सोळा-अठरा डिग्री, अलीकडं आपण घामाघूम. लहान पोरं खांद्यावर, प्रत्येकाचा मोबाईल वर. 'हे अंटार्क्टिकाचे ना रे?' असं आमच्यातल्या एकानं विचारलं. नाही. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथल्या समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्याच्या जिवावर ते राहतात. म्हणजे बर्फातले नाहीत, पण भायखळ्याच्या मे महिन्यातलेही नाहीत.

बाहेर आलो आणि आमची बॉटनीवाली मैत्रीण म्हणाली, 'झालं? आता इथल्या खऱ्या जुन्या मंडळींना भेटूया.' आम्हाला वाटलं वाघ. ती आम्हाला घेऊन गेली एका झाडाकडं.

खोड इतकं जाड, की आम्ही चौघांनी हात धरले तरी विळखा पुरेना. वर फांद्या, पण पान एकही नाही. जणू कुणीतरी झाड उपटून उलटं रोवलंय आणि मुळं आकाशात गेलीत. ही गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब. हिवाळ्यात पानं गाळून बसते, पावसाळ्याच्या तोंडावर परत हिरवी होते. फूल उमलतं रात्री, आणि परागीकरण करायला येतात वटवाघळं. म्हणजे बागेचं गेट बंद झाल्यावर हिचा दिवस सुरू होतो. आमच्या शेजारून तोपर्यंत निदान पन्नास माणसं 'वाघ कुठाय, वाघ कुठाय' करत गेली असतील. एकानंही मान वर केली नाही. आम्हीही मघाशी इथूनच पेंग्विनकडं पळत गेलो होतो, हे मात्र मान्य करायला हवं.

इथूनच आजची गोष्ट सुरू होते. आपण सगळे 'प्राणी बघायला' म्हणून जातो ती जागा प्राण्यांसाठी झालीच नव्हती. बाग सुरू झाली १८६२ मध्ये. प्राणिसंग्रहालयासाठी शेजारची पंधराएक एकर जागा जोडली गेली १८९० मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं इथं यायचं ते झाडं बघायला.

आता जरा मागं जाऊ. पश्चिम भारतात कोणती पिकं, कोणती झाडं रुजतात हे बघण्यासाठी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाची एक संस्था होती. तिची बाग शिवडीला होती. ती जागा पुढं युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी गेली. आजची शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी ती हीच. बागेसाठी मग नवी जागा मिळाली ती भायखळा-माझगावच्या बाजूला. (भायखळा हे नाव बहाव्याच्या खळ्यावरून आलं असं काही जण सांगतात. खरं असेल तर इथल्या झाडांचा इतिहास बागेच्याही आधीचा.)

या सगळ्यात एक इंग्रज डॉक्टर होता, जॉर्ज बर्डवुड. त्याला वनस्पतींचं भारी वेड. ज्यांच्या डिंकाचा धूप चर्चमध्ये जाळतात त्या बॉसवेलिया कुळातल्या झाडांचा त्यानं अभ्यास केला आणि त्यातल्या एका जातीला गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं नाव दिलं, बॉसवेलिया फ्रेरिआना. साहेबाला खूश करायची ही पद्धत मला मनापासून आवडते. पुतळ्यापेक्षा झाड बरं.

बर्डवुडकडं आणखी एक काम होतं, म्युझियमचं. मुंबईच्या फोर्टमध्ये टाऊन बॅरॅक्समध्ये वस्तूंचा एक संग्रह मांडला होता. १८५७ चा उठाव झाला, लष्कराला ती इमारत हवी झाली आणि संग्रह अक्षरशः बाहेर काढला गेला. त्यातलं बरंच काही गेलं. उरलेलं बर्डवुडनं सांभाळलं. पुढच्या वर्षी कंपनीचं राज्य संपून थेट राणीचा कारभार सुरू झाला, आणि मुंबईतल्या पुढाऱ्यांनी ठरवलं की राणीच्या नावानं एक मोठं म्युझियम आणि बाग उभी करायची.

हे पुढारी कोण? नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, संस्कृतचे अभ्यासक, जुने शिलालेख वाचणारे, आणि वनस्पतींपासून कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी वर्षानुवर्षं धडपडलेला माणूस. या लोकांनी राणीच्या नावानं वर्गणी का गोळा केली? निव्वळ राजनिष्ठा? मला तसं वाटत नाही. म्हणजे राजनिष्ठा होतीच, ती लपवण्यात अर्थ नाही. पण राणीचं नाव लावलं की जमीन मिळते, सरकारी शिक्का मिळतो, शेठजींच्या थैल्या सुटतात, आणि शेवटी सामान्य माणसाला आत जाता येईल अशी एक जागा उभी राहते, हा हिशेब त्यांना कळत नसेल असं मानणं म्हणजे त्यांना भोळं समजणं झालं.

१९ नोव्हेंबर १८६२. लेडी फ्रिअरच्या हस्ते बाग खुली झाली आणि गव्हर्नरसाहेबांनी म्युझियमचा पायाचा दगड बसवला. तेव्हा मुंबईत पैशाचा पूर होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद, त्यामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस वाटेल त्या भावानं हवा होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, आणि म्युझियमचं बांधकाम मधेच लटकलं. भाऊ दाजींचेही त्यात हात पोळले. त्याच वर्षी नाना शंकरशेट गेले. शेवटी सरकारच्या पैशानं इमारत पुरी झाली आणि २ मे १८७२ ला म्युझियम उघडलं. दोन वर्षांनी भाऊ दाजीही गेले. त्या म्युझियमला त्यांचं नाव मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं. बाग मात्र १८७३ पासून नगरपालिकेकडं आहे, म्हणजे तेव्हापासून ती मुंबईकरांच्या पैशावर चालते.

म्युझियमच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. आम्ही त्याच्यासमोर सेल्फी काढत होतो तेव्हा एक आजोबा नातवाला सांगत होते, 'हा घारापुरीचा.' बरोबर सांगत होते. पोर्तुगीज घारापुरी बेटावर उतरले तेव्हा हा तिथं उभा होता, आणि याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान कोसळली. पुढं त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, आणि १८६४ मध्ये तुकडे इथं आणून टाकले. पन्नास वर्षं ते नुसते पडून होते. १९१४ मध्ये कुणाला तरी सुचलं आणि तो पुन्हा जोडून उभा केला गेला. अंगावरचे सांधे दिसतात, नीट बघा.

काळा घोडा माहितीच असेल. फोर्टमधल्या त्या भागाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो घोड्यावरचा प्रिन्स ऑफ वेल्स १९६५ मध्ये तिथून उचलून इथं आणला गेला. नाव तिकडं राहिलं, घोडा इकडं आला. २०१७ मध्ये तिकडं एक नवा घोडा बसवला, स्वारावाचून. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही शहरातून हलवून इथंच म्युझियमच्या आवारात ठेवला. म्हणजे बागेला जिजाऊंचं नाव मिळालं आणि राणी स्वतः राणीच्या बागेत राहायला आली! आपल्या घरात पोटमाळा असतो ना, फेकवत नाही आणि हॉलमध्ये ठेववत नाही असं सगळं जिथं चढवतात, तसा मुंबईचा पोटमाळा आहे हा.

पण लोकांसाठी ती कधीच पोटमाळा नव्हती. आजूबाजूला लालबाग, परळ, चिंचपोकळी, सगळा गिरणगाव. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं, पाळीवर काम, आणि सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन राणीची बाग. घरात कुणी त्या काळातलं असेल तर विचारा, हत्तीवरच्या फेरीची आठवण निघतेच. आणि हत्तीइतकीच निघते ती झाडाखाली चादर पसरून खाल्लेल्या डब्याची. गिरण्या गेल्या. शेजारच्या मफतलाल गिरणीची काही जमीन तर आता बागेच्याच विस्तारासाठी पालिकेकडं आली आहे.

ही सावली जवळजवळ गेलीच होती. २००७ च्या सुमारास पालिकेनं ४३३ कोटींचा आराखडा पुढं आणला. थायलंडचे सल्लागार, परदेशी प्राणी, आंतरराष्ट्रीय दर्जाचं झू. चित्रं झकास होती. पण त्या चित्रांत जुन्या झाडांना जागा कुठं आहे, हे काही जणींनी विचारलं. हो, जणींनीच. त्यात पुढं होत्या त्या झाडं ओळखणाऱ्या, रोज तिथं फिरणाऱ्या बायका. त्यांनी समिती केली, माहितीचे अर्ज केले, झाडांची नावं आणि संख्या लोकांसमोर ठेवली. २८६ जातींची तीन हजारांवर झाडं! शहराच्या मधोमध, इतक्या थोड्या जागेत. प्रकरण वारसा समितीपर्यंत गेलं आणि तिथं तो आराखडा नाकारला गेला. मग छोटा आराखडा आला. पेंग्विन त्यातलेच.

म्हणून पेंग्विनवर माझा राग नाही. २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली तेव्हा बघायला मीही गेलो होतोच. गर्दी येते, पैसा येतो, ठीक आहे. पण वातानुकूलन बंद पडलं तर पेंग्विनचं काय होईल, ही काळजी करायला पूर्ण यंत्रणा आहे. गोरखचिंचेच्या मुळांवर उद्या कुणी काँक्रीट ओतलं, तर ते लक्षात यायला तिचं नाव माहीत असलेला कुणीतरी रोज तिथून जावा लागतो. त्या वेळी तशी माणसं होती, म्हणून ती झाडं आज आहेत.

निघताना मैत्रिणीनं उर्वशी दाखवली. ॲम्हर्स्टिया, मूळची म्यानमारची. इंग्रजांनी तिला आपल्या एका गव्हर्नर-जनरलच्या बायकोचं, लेडी ॲम्हर्स्टचं, नाव दिलं. आपल्याकडं तिला उर्वशी कुणी म्हटलं कोण जाणे, पण त्याची नजर चांगली होती. लांब देठांवर लाल फुलांचे घोस, झुंबरासारखे खाली लोंबणारे, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. आमच्यातला तो फॅमिली तिकीटवाला म्हणाला, 'मी लहानपणी आईबरोबर इथं दहा वेळा आलोय, हे झाड नव्हतं.' मैत्रीण म्हणाली, 'होतं रे. तू माकडांना शेंगदाणे टाकत होतास.'

जाणार असाल तर डिसेंबर ते मार्चमध्ये जा, उर्वशी फुलते ती तेव्हा. सकाळी लवकर जा, नाहीतर पेंग्विनच्या रांगेतच दुपार होईल. डबा सावलीत खा, प्राण्यांना काही घालू नका. आणि बुधवारी जाऊ नका, बुधवारी बाग बंद असते.