शीण कोणी मोजला?

आटपाडी १९४८ च्या मार्चपर्यंत औंध संस्थानात होती. संस्थान विलीन झाले त्याच वर्षी, जून महिन्यात, अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना त्यांनी अमिनोप्टेरिन दिले होते. १० मुलांना काही काळ उतार पडला. हे औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. पुढे १९६३ मध्ये आपल्या शाळेच्या आवारात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासूनच सुरू होते.

या सर्व काळात मोजले काय? पांढऱ्या पेशी, गाठी आणि जगण्याचे दिवस. मुलाचा शीण मात्र फारसा कोणी मोजला नाही. जीवच धोक्यात असताना ते स्वाभाविकही होते. मुले बरी होऊ लागली तेव्हा हा प्रश्न पुढे आला. अमेरिकेत पामेला हिंड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले, पालक व परिचारिका यांना थकव्याविषयी वेगवेगळे विचारले. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उत्तरे जुळली नाहीत. लहान मुले शरीराच्या थकव्याबद्दल बोलली. किशोरवयीन मुलांनी मनाचा थकवाही सांगितला. म्हणजे मुलाचा शीण मुलालाच विचारावा लागतो.

हा शीण येतो कशाने? औषधांमुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी कमी तयार होतात व शरीराला प्राणवायू अपुरा पडतो. व्हिन्क्रिस्टीनने पायांच्या नसा दुबळ्या होतात. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, झोपही मोडते. त्यात कमी आहार आणि काळजी यांची भर पडते. म्हणूनच रात्रभर झोपूनही मूल सकाळी दमलेलेच असते. उपचार संपल्यावरही काही मुलांत हा शीण रेंगाळतो.

पूर्वी अशा मुलांना भरपूर विश्रांती घ्यायला सांगत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र झेपेल अशा शारीरिक हालचालीची शिफारस केली; थकव्यासाठी सरसकट औषधे नकोत, असेही सुचवले.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. माणदेशातले एखादे मूल परळहून उपचार घेऊन परत येते. डोक्यावर केस आले, की सर्वांना वाटते, ते बरे झाले. मग तिसऱ्या तासाला ते बाकावर डोके टेकते, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. तसे न करता आपण त्याला रोज विचारू या : आज शून्य ते दहांपैकी किती दमलास? उत्तराप्रमाणे गृहपाठ कमी करू. डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्याला मैदानावरही नेऊ. मात्र खेळ कधी थांबवायचा, हे त्यालाच ठरवू द्यावे.