करंज, खांदेरी, कलवरी

10 मार्च 2021 रोजी मुंबईत 'करंज' पाणबुडी नौदलात दाखल झाली. प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल विजयसिंह शेखावत. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ती पाणबुडी कोरी करकरीत होती. नावाशी मात्र त्यांचं जुनं नातं. 1969 साली सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या पहिल्या 'करंज'वर ते पहिल्या दिवसापासून होते आणि 1971च्या युद्धात तिचं नेतृत्व त्यांच्याकडेच होतं. त्या कामगिरीसाठी त्यांना वीर चक्र मिळालं. ती 'करंज' 2003 साली निवृत्त झाली.

निवृत्त जहाजाचं नाव नव्या जहाजाला देण्याची ही रीत आपल्याकडे ब्रिटिश आरमारातून आली. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या घरांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काही नावं तर अगदी आपल्या किनाऱ्यावरची. खांदेरी हा थळच्या समुद्रातला बेटावरचा किल्ला, शिवाजी महाराजांनी 1679 साली बांधायला घेतलेला. त्याच्या नावाची पहिली पाणबुडी 'खांदेरी' 1989 साली निवृत्त झाली, दुसरी 2019 साली आली. 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी. 8 डिसेंबर 1967ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात ती नौदलात आली, म्हणून तो दिवस पाणबुडी दिन. तिचं नाव 2017 साली स्कॉर्पीन वर्गाच्या पहिल्या पाणबुडीला मिळालं. 2025च्या 'वागशीर'पर्यंत सहाही स्कॉर्पीन पाणबुड्यांना अशीच जुनी नावं आहेत.

पण नाव पुढे नेण्यावर आपण समाधान मानतो, हे मला खटकतं. विमानवाहू नौका 'विक्रांत'चं नाव 2022 साली कोचीत पुन्हा झळकलं. जुनी 'विक्रांत' मात्र मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं उभी राहिली, 2014 साली भंगारात विकली गेली आणि तिचं काही पोलाद मोटरसायकलींत गेलं.

आपल्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी 'कुरसुरा'चं नाव स्कॉर्पीनपैकी कुणालाच मिळालं नाही, पण देह वाचला तो तिचाच. 2001 साली निवृत्त झाल्यावर तिला विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ओढून आणलं आणि पुढच्याच वर्षी ती लोकांसाठी खुली झाली. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दारातून अंग चोरून शिरावं लागतं. समोर टॉर्पेडोच्या नळ्या, बाजूला चिंचोळ्या बंका. एवढ्या जागेत 70हून अधिक माणसं राहायची. माहिती द्यायला निवृत्त नौसैनिक असतात.