आमच्या घराण्याच्या प्रवेशपरीक्षा

सिरसाळ्यात परीक्षेचा हंगाम सुरू झाला, हे मला वर्तमानपत्र न वाचता कळतं. बँकेच्या काउंटरवर मुदतठेवी मोडायला माणसं येऊ लागली, की समजावं, कुणाचं तरी पोरगं लातूरला क्लासला निघालं. "चारच महिने राहिलेत, व्याज बुडंल," असं मी सांगतो. "बुडू द्या साहेब, पोराचं वर्ष बुडू नये," असं उत्तर येतं. मी साधा क्लार्क. पण ठेव मोडणारा माणूस मला हटकून साहेब म्हणतो.

मागच्या आठवड्यात ठेव मोडायला आलेला गृहस्थ मीच होतो. फॉर्म मीच दिला, मीच भरला आणि व्याज बुडण्याची सूचनाही मीच मला दिली. कन्येला डॉक्टर व्हायचंय. क्लासचा दुसरा हप्ता होता.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा आमच्या घराण्यात कोणी कोणतं दार ठोठावलं, याचा हिशेब मांडत बसलो.

मुळात हे दार विद्यापीठाचं स्वतःचं होतं. मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं आणि 1859 साली त्यानं पहिली मॅट्रिक घेतली. त्या पहिल्याच खेपेला न्यायमूर्ती रानडे पास झाले. (आता पहिल्याच वर्षी रानडे बसले, तर पुढच्यांनी काय करावं!) ज्याला शिकवायचं त्यानंच निवडायचं, असा सरळ व्यवहार. बँकेतही कर्ज देणारानंच कर्जदाराला निरखायचं असतं. निदान तसा नियम आहे.

आम्ही मात्र निजामाच्या राज्यात. तिथं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली सुरू झालं आणि शिकवणं उर्दूतून. माझे आजोबा घरी मराठीत जेवत आणि शाळेत उर्दूत नापास होत. गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. निजामी 1948 साली गेली, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ 1958 साली आलं. तोवर आजोबांना तीन लेकरं झाली होती.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळेस विद्यापीठाचं दार बोर्डाकडे गेलेलं. मुंबई राज्यात एसएससी बोर्ड 1949 सालीच निघालं होतं. दादा जुन्या अकरावीचे. पुढे 1975 साली पहिली दहावी झाली, 1977 साली पहिली बारावी. अकरावीनंतर चार वर्षं कॉलेज होतं, ते बारावीनंतर तीन वर्षं झालं. बेरीज तीच, पंधरा. पण "आमची अकरावी म्हणजे तुमची बी.ए." हे दादा अजून सोडत नाहीत. ते मास्तर होते. त्यांच्यापुढे बेरीज कोण मांडणार?

माझं सोपं झालं. मी कॉमर्सवाला. आमच्या दाराला कडीच नव्हती. ढकललं, आत गेलो, तर माझ्यासारखे शंभरेक आधीच बसलेले. आता तेही सुख उरलं नाही. 2024 साली बीबीए, बीसीएला सीईटी लावली. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या, की ऑगस्टात परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं. सीईटी नको, तर बारसं करा.

डॉक्टर-इंजिनिअरांच्या दाराची कथा निराळी. 2013 साली नीट आली, त्याच जुलैत सुप्रीम कोर्टानं रद्द केली. 2014 आणि 2015 साली इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर झाले, 2016 साली परत सीईटी. त्याच वर्षी एप्रिलात कोर्टानं नीट परत आणली, मेमध्ये वटहुकूम निघून त्या वर्षापुरती राज्याची सुटका झाली आणि 2017 पासून मेडिकलला नीटच नीट. पोरांनी पुस्तकं बदलली, क्लासवाल्यांनी पाट्या. पाट्या स्वस्त पडल्या.

यात हाल झाले ते कॉलेजचे. बारावीचे मार्क पात्रतेपुरते उरले. नाव इकडच्या कॉलेजात, पोरगं लातूरच्या खोलीत. माझ्या काउंटरवर फिजिक्सचे एक प्राध्यापक येतात. "वर्गात कोण असतं?" मी विचारलं. "हजेरीपट असतो," ते म्हणाले आणि पगाराची नोंद करायला पासबुक पुढे केलं.

सगळंच वाईट झालं म्हणवत नाही. मेडिकलला 70:30 ची अट होती. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे ती आमच्याच अंगलट यायची. 2020 साली ती गेली. आणि नीटची प्रश्नपत्रिका 2017 पासून मराठीतही मिळते. आजोबांना हे सांगायला हवं होतं.

परवा मुलगी मोबाइलवर फॉर्म भरत होती. प्रश्नपत्रिकेची भाषा कोणती, हा रकाना आला. दादा शेजारी बसले होते. म्हणाले, "मराठी टाक."

"आबा, क्लासात सगळं इंग्रजीत शिकवलंय. मराठीतला शब्द लावता लावता वेळ जाईल माझा."

तिनं इंग्रजी टाकलं. दादा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि मोबाइल हातात घेऊन तो फॉर्म पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, पुन्हा वाचायला लागले.