लोकहितार्थ सांख्यिकी

लोकहितार्थ सांख्यिकी : सल्लागार संस्था, संशोधन संस्था किंवा तज्ञ व्यक्ती यांनी स्वयंसेवी संस्थांसाठी अथवा सार्वजनिक कार्यासाठी मोबदला न घेता केलेले आकडेवारीचे संकलन व विश्लेषण. ही कल्पना मूळची वकिली व्यवसायातील. गरीब पक्षकाराचे काम विनाशुल्क चालविण्यास ‘प्रो बोनो पब्लिको’, म्हणजे ‘लोकहितासाठी’, या लॅटिन पदसमूहाने ओळखले जाते. संगणकामुळे आकडेवारी मुबलक झाली. पण ती वाचू शकणारा माणूस ठेवणे बहुतेक सेवाभावी संस्थांच्या आवाक्याबाहेरचे राहिले. या निकडीतून २०११ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘डेटाकाइंड’ ही संस्था निघाली. तिची एक शाखा पुढे बंगलोरलाही काम करू लागली.

नाव नवे असले, तरी महाराष्ट्रात ही प्रथा बरीच जुनी आहे. १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावी आपली माणसे पाठवून पिके, धान्याचे भाव, गुरांची हानी व दुष्काळी कामांवरील मजुरांची स्थिती यांची माहिती गोळा केली. तिच्या आधारे सभेने सरकारशी पत्रव्यवहार चालविला. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुराचे रोजचे धान्य एक पौंडापर्यंत खाली आणण्यात आले, तेव्हा ते अपुरे असल्याचे सभेने आकड्यांनिशी मांडले. या कामामागील बुद्धी मुख्यतः महादेव गोविंद रानडे यांची. १८७८ च्या आरंभी त्यांची पुण्याहून नासिकला बदली झाली. पुण्यातील त्यांचे सार्वजनिक कार्य सरकारला रुचत नव्हते, हे तिचे कारण मानले जाते. सभेचे त्रैमासिक त्याच वर्षी सुरू झाले. म्हणजे त्याच्या प्रारंभीच्या काळात त्याचे प्रमुख लेखक नासिकच्या न्यायासनावर होते. सरकारी नोकराने सरकारी आकड्यांवर बिनपगारी टीका लिहावी, हा प्रकार आजही क्वचितच आढळेल.

पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) सर्वेक्षणांना शास्त्रीय शिस्त आणली. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’सह १३ स्वयंसेवी संस्थांनी बालमृत्यूंची स्वतंत्र मोजदाद करून २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींत बहुसंख्य बालमृत्यू येतच नाहीत, असे त्यातून दिसले. मृत्यूच नोंदला गेला नाही, तर त्यावर उपायही योजला जात नाही. यानंतर शासनाला बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली.

नासिकमध्ये या विद्येची निकड सिंहस्थाने निर्माण केली. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो आणि काही लाख वस्तीच्या शहरात पर्वणीच्या दिवशी वस्तीहून अधिक माणसे लोटतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. एखाद्या गल्लीत या क्षणी किती माणसे आहेत, हे सांगणारे कोणतेही साधन त्या वेळी बंदोबस्तावरील पोलिसांपाशी नव्हते. गर्दीचे आकडे जाहीर होत ते अंदाजाने, आणि अंदाज नेहमी लाखांच्या पूर्णांकात असत.

पुढील सिंहस्थापूर्वी, जानेवारी २०१४ पासून, ‘कुंभथॉन’ या नावाने कार्यशाळा भरू लागल्या. नासिकचे सुपुत्र व अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर हे त्यांचे प्रेरक होते. त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक व शहरातील हौशी मंडळी एकत्र बसून गर्दी, निवास, अन्नदान आणि आरोग्य हे प्रश्न हाताळीत. ‘अशिओटो’ हे साधन त्यांतूनच पुढे आले. पावलांचा दाब ओळखणारी चटई वाटेवर अंथरायची, तिच्यावरून किती माणसे गेली हे यंत्राने मोजायचे आणि वाट दाटू लागताच नियंत्रकांना इशारा द्यायचा, अशी ही योजना होती. तिच्या घडणीत नासिकच्या एका शाळकरी मुलाचाही वाटा होता. २०१५ च्या मेळ्यात १८ तासांत सु. ५ लाख माणसे मोजली गेल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. २००३ सारखी दुर्घटना त्या वर्षी नासिकला घडली नाही. मात्र त्याचे श्रेय एकट्या चटईला देता येणार नाही. रुंद केलेले रस्ते, नवे घाट व कडक बंदोबस्त यांचाही त्यात मोठा भाग होता. किंबहुना २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीस अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भाविक आले. बंदोबस्तापायी मैलोगणती चालावे लागते, अशी तक्रार झाली आणि १३ सप्टेंबरच्या पर्वणीपूर्वी निर्बंध सैल करण्यात आले. अंदाज चुकला की बंदोबस्तही चुकतो, हे त्यातून उघड झाले.

आरोग्याच्या क्षेत्रातील प्रयोग कमी गाजला; परंतु तो अधिक मोलाचा वाटतो. मेळे आणि पटकी यांचा संबंध जुना आहे. १८६७ च्या हरद्वारच्या कुंभानंतर यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. तेव्हा साथ कळे ती मृत्यूंच्या नोंदीवरून. २०१५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाशी संबंधित डॉक्टरांनी नासिक-त्र्यंबकेश्वर येथील तात्पुरत्या दवाखान्यांतील रुग्णांच्या तक्रारी टॅब्लेटवर नोंदवून घेतल्या व त्यांचे विश्लेषण जवळजवळ त्याच वेळी करण्याची सोय केली. तशीच पद्धत त्यांनी २०१३ मध्ये अलाहाबादच्या कुंभात वापरली होती. एखाद्या भागात जुलाबाचे रुग्ण वाढू लागले, तर पाण्याची तपासणी लगेच करता यावी, हा हेतू होता.

मेळा संपल्यावर अशा उपक्रमांचे काय होते, हा खरा अडचणीचा प्रश्न होय. स्वयंसेवक परततात, यंत्रे नादुरुस्त होतात आणि जमलेली माहिती कोणाच्या मालकीची, हे ठरलेलेच नसते. रुग्णाची तक्रार किंवा भाविकाचा मार्ग ही खाजगी बाब आहे, याचा विचारही पुष्कळदा मागाहून होतो. सल्लागार संस्थेने फुकट दिलेला अहवाल ज्या संस्थेला वाचता येत नाही, तिच्या कपाटातच तो राहतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने (स्थापना १९६८) नासिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र काढले, ते काहीसे या उणिवेवरचे उत्तर होते. येथे तरुण गटांनी आरोग्य, स्वच्छता, शेती आदी विषयांतील एखादी अडचण निवडून तिच्यावर दीर्घकाळ काम करावे, अशी रचना करण्यात आली. कुंभथॉनमधील हंगामी उत्साहाला त्यामुळे बारमाही जागा मिळाली.