ख्रिस्तपुराणाशेजारची पुस्तके

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपण सारे एकमुखाने एकच नाव घेतो : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून पाठ आहेत. व्याख्यानांत आणि मराठी दिनाच्या कार्यक्रमांत त्या हमखास म्हटल्या जातात. पण त्या ओव्यांपुढची पाने किती जणांनी उलटली आहेत? आणि या ग्रंथाच्या शेजारी आणखी कोणती पुस्तके उभी आहेत, याची चौकशी आपल्या किती घरांत झाली आहे?

कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात कथा-कादंबरी, इतिहास, विज्ञान आणि आत्मचरित्र असे निरनिराळे विभाग असतात. आपल्या मनात मात्र एक समज घर करून बसला आहे. ख्रिस्ती घरातील कपाट म्हणजे प्रार्थनापुस्तक, गीतसंग्रह, बायबल आणि दोनचार संतचरित्रे. बाकीचे विभाग इतरांचे. हा समज इतिहासाला धरून नाही. या कोकणपट्टीवर आणि घाटमाथ्यावर गेल्या साडेचारशेहून अधिक वर्षांत ख्रिस्ती वातावरणात जी पुस्तके निपजली, त्यांत या चारही विभागांतील आरंभीचे किंवा अव्वल दर्जाचे ग्रंथ आहेत. त्यांतील काहींचे नशीब मोठे विलक्षण आहे, आणि त्यांची कहाणी आपल्याला थोडी अंतर्मुखही करणारी आहे.

प्रथम विज्ञानाचा विभाग पाहू. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात छापखाना उतरला. तो खरे तर अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता. परंतु तो गोव्यातच राहिला आणि येशूसंघीय धर्मगुरूंच्या संत पावलाच्या विद्यालयात उभा करण्यात आला. भारतातील मुद्रणकलेचा हा आरंभ होय. त्यानंतर सातच वर्षांनी, १५६३ साली, गोव्यात एक पुस्तक छापून निघाले. हिंदुस्थानातील वनौषधी आणि औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद, असा त्याचा विषय. लेखक होता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. तो १५३४ साली भारतात आला, गोव्यात स्थायिक झाला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि पुढे मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले.

विद्वानांनी लॅटिनमध्ये लिहावे अशी त्या काळची रीत असताना ओर्ताने हे पुस्तक पोर्तुगीज भाषेत लिहिले. त्यातील मांडणी मोठी मनोरंजक आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक पंडित प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. रुआनो ग्रीक-रोमन ग्रंथकारांचे दाखले देतो, तर ओर्ता आपण स्वतः पाहिलेले, चाखलेले आणि रोग्यांवर वापरलेले सांगतो. कापूर, वेलदोडा, हिंग, नारळ, आंबा, फणस अशा आपल्या परसातील वस्तूंची येथे शास्त्रीय चर्चा आहे. मधूनच त्याचा मुंबईचा कूळ आंब्यांची टोपली घेऊन दारात येतो, मधूनच मालुपा नावाचा हिंदू वैद्य संवादात भाग घेतो. पटकीच्या रोगाचे, ज्याला आपल्याकडे मोडशी म्हणत, त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात आजही उल्लेखिले जाते. छपाई मात्र सदोष होती. शुद्धिपत्रानेच बरीच पाने अडवली आहेत. तरीही अवघ्या चार वर्षांत, १५६७ साली, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथून त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद प्रसिद्ध केला आणि कोकणातल्या झाडापाल्याचे ज्ञान युरोपभर पोहोचले.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. पुढची नाही. ओर्ताचे आईवडील यहुदी होते आणि पोर्तुगालात त्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला होता. ओर्ता बाह्यतः ख्रिस्ती म्हणून जगला आणि १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या धर्मन्यायालयाने जाळण्याची शिक्षा दिली. चौकशीत आलेल्या जबान्यांवरून ओर्तावरही तोच ठपका आला आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या नगरीत त्याचे पुस्तक छापले गेले, त्याच नगरीत हे घडले. हे लिहिताना लेखणी अडखळते. पण ते न लिहिणे हा अधिक मोठा दोष ठरेल. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळी केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली शुभवर्तमानाशी विसंगत असे मार्ग वापरले गेले, याची कबुली त्यात होती. ओर्ताचे पुस्तक हाती घेणारा ख्रिस्ती वाचक त्या प्रार्थनेचा अर्थ अधिक चांगला समजू शकेल, असे मला वाटते.

आता पुन्हा ‘ख्रिस्तपुराणा’कडे वळू. स्टीफन्स हे इंग्लंडचे. ते १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीबाबांना विनवतो, की आमची जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत, तेव्हा त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? हा प्रश्न एका वाचकाचा आहे. त्याच्या हातातून पुस्तके काढून घेतली गेली होती आणि त्याची भूक शिल्लक होती. स्टीफन्स यांना ही भूक कळली, याचे कारण ते स्वतः सर्व तऱ्हेचे वाचणारे होते. येथील ओवीबद्ध पुराणांचा घाट, त्यांची लय आणि शब्दकळा अभ्यासल्यावाचून जवळपास अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ घडलाच नसता. नव्याने धर्मात आलेल्यांना वर्ज्य असलेल्या रामायण-महाभारताच्या कथा येशूसंघीयांनी स्वतःच्या अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांची हस्तलिखिते आज पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्यांच्यावर बंदी घातली, त्याच वाङ्मयाच्या प्रती बंदी घालणाऱ्यांच्या दप्तरात टिकून राहाव्यात, हा इतिहासाचा एक चमत्कारिक न्याय म्हणावा लागेल.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत कोठे असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील मुद्रणही थंडावले. ते पुन्हा सुरू झाले १८२१ साली. मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? तो आला हातांनी उतरवून काढलेल्या वह्यांतून. लोकांनी तो देवळात आणि घरी मोठ्याने वाचला आणि त्याच्या नकला केल्या. गोव्यातून कानडा प्रांतात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी त्या नकला बरोबर नेल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. लंडनला विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात त्याची देवनागरी प्रतही सापडली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला आणि १९९६ साली फादर कॅरिदाद द्रागो यांनी गद्य रूपांतरासह सिद्ध केला. छापलेले सारे नष्ट झाले आणि हाताने लिहिलेले तेवढे वाचले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कथा-कादंबरीच्या विभागात पाहावे, तर १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात आणि वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवांची दुःखे दिसतात. पुढे तेच दुःख यमुनेच्याही वाट्याला येते. पुस्तकाची काही पाने उघड प्रचारकी आहेत, हे मान्य करावे लागेल. पण केशवपन झालेल्या, घरच्यांच्या लेखी मेल्यात जमा झालेल्या मुलींकडे पाहण्यासाठी या लेखकाने कथेचा आश्रय घेतला, हे महत्त्वाचे. प्रवचनाने जे साधत नाही, ते कधीकधी एका कल्पित स्त्रीच्या प्रवासाने साधते. बाबा पदमनजी प्रॉटेस्टंट पंथाचे होते म्हणून आपण कॅथलिक वाचकांनी त्यांना दूर ठेवण्याचे कारण नाही.

इतिहासाच्या विभागात दोन नावे आवर्जून सांगावीत. पहिले डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांचे. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने डॉक्टर, मुंबईत रुग्ण तपासून उरलेल्या वेळात नाणी आणि शिलालेख धुंडाळणारे. त्यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या इतिहासावर आणि अवशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. वसईच्या किल्ल्यात रविवारी फिरायला जाणाऱ्या आपल्या मुलांना त्या पडक्या भिंतींचा अर्थ सांगायचा असेल, तर आजही त्याची पाने चाळावी लागतात. दुसरे नाव फादर हेन्री हेरास यांचे. हे स्पॅनिश येशूसंघीय १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले. त्यांच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की आपण कोणता इतिहास शिकवणार, असे विचारल्यावर त्यांनी भारताचा इतिहास असे उत्तर दिले. त्याची माहिती किती, असे विचारता, काहीच नाही, पण अभ्यास करीन, असे ते म्हणाले. त्यांनी तो इतका केला की १९२६ साली त्यांनी स्थापन केलेली इतिहास संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वयाची तिशी उलटल्यावर, परक्या देशात, पहिल्या पानापासून वाचायला बसलेला हा धर्मगुरू आहे. ‘आता या वयात कुठे वाचायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी.

राहिला आत्मचरित्राचा विभाग. तेथे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागाने पुस्तकरूपाने आली. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. माहेरच्या माणसांचा संताप, स्वतःचे सोवळेओवळे, मुलाची चिंता आणि नवऱ्यावरचे प्रेम यांच्या ओढाताणीत त्यांनी वर्षे काढली आणि अखेर १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता. त्याला साहित्य म्हणून त्यांनी आठवणी लिहून काढायला घेतल्या, आणि तेच मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरले.

या पुस्तकाची खरी किमया अशी, की त्यात धर्मांतर हा वादाचा विषय राहत नाही. ती एका घरात घडलेली गोष्ट होते. लक्ष्मीबाई कोणाला दोष देत नाहीत आणि स्वतःला थोरही म्हणवून घेत नाहीत. खिशात पैसा नसताना पाहुणे घेऊन येणाऱ्या टिळकांवर त्या रागावतात, आणि वाचक हसता हसता गंभीर होतो. आपल्या पूर्वजांनी धर्म स्वीकारला तेव्हा घराघरांत काय झाले असेल, कोणती आई रडली असेल, कोणता भाऊ बोलेनासा झाला असेल, हे आपल्या कागदपत्रांत नाही. दप्तरात फक्त नावे आणि तारखा आहेत. ती रिकामी जागा कशी दिसली असेल, याची थोडी कल्पना ‘स्मृतिचित्रे’ देतात.

वाचकहो, या सर्व पुस्तकांच्या कहाणीतून मला एकच गोष्ट दिसते. यांपैकी एकही पुस्तक केवळ स्वतःच्या विभागात राहणाऱ्या माणसाने लिहिलेले नाही. वैद्य हिंदू वैद्याशी बोलला, मिशनरीने पुराणांचा घाट आत्मसात केला, धर्मोपदेशकाने कादंबरी लिहिली, डॉक्टरने इतिहास शोधला, शाळेत न गेलेल्या गृहिणीने वाङ्मय घडवले. आणि जेव्हा जेव्हा हा संचार थांबवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नुकसान आपलेच झाले. आपण एक अजोड ग्रंथ छापील स्वरूपात कायमचा गमावला आणि तो परत मिळवायला आपल्याला अडीचशे वर्षे लागली.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले, त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तो मान ज्या वाटेने आला, ती सर्व प्रकारच्या वाचनाची वाट होती. धर्मग्रामातील पुस्तकांचे कपाट वर्षानुवर्षे कुलूपबंद असेल, तर ती वाट आपल्या मुलांसाठी कोठून सुरू होणार?

म्हणून दोन छोट्या विनंत्या करतो. येत्या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या नेहमीच्या वाचनापलीकडचे एक पुस्तक घरी आणावे आणि जेवणानंतर त्याची चार पाने मोठ्याने वाचावीत. ‘ख्रिस्तपुराण’ असेच वाचले जात असे. आणि माळ्यावर आजोबांची एखादी जुनी वही, हाताने उतरवलेली गाणी किंवा पत्रांचा जुडगा असेल, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. राशोलच्या छापखान्यातून निघालेल्या प्रती कोणी जपल्या नाहीत. आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ वाचतो ते अशाच कोणाच्या तरी वहीमुळे.