रोहतांगखालील अटल बोगदा

मनालीच्या उत्तरेस पीर पंजाल पर्वतरांग आडवी पसरली आहे. तिच्या पलीकडे चंद्रा नदीचे खोरे, म्हणजे हिमाचल प्रदेशातील लाहौल. तेथे जाणारा जुना रस्ता ३९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतून जातो आणि ही खिंड हिवाळ्यात सुमारे सहा महिने बर्फाने बंद असते. रोहतांग या नावाचा अर्थ ‘प्रेतांचा ढीग’ असा सांगितला जातो. या काळात लाहौलमधील अत्यवस्थ रुग्णाला कुलूला हलवायचे, तर हवामान निवळण्याची आणि हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे.

खिंडीखालून ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा खणण्यास २०१० मध्ये प्रारंभ झाला. काम सीमा रस्ते संघटनेकडे होते. सुरुंगाने कातळ फोडायचा, उघड्या पडलेल्या खडकावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, पोलादी कमानी व खिळ्यांनी तो सावरायचा आणि मगच पुढे सरकायचे, अशी ही पद्धत. दक्षिणेकडून बारमाही काम करता येई. उत्तर मुखापर्यंत मात्र खिंड ओलांडूनच जावे लागत असल्याने तेथे वर्षातून जेमतेम पाच महिने हाती लागत.

खरी कसोटी पाहिली ती सेरी नाल्याने. या ओढ्याखालचा ५८७ मीटरचा पट्टा भंगलेल्या, ठिसूळ खडकाचा आहे. तेथे छतातून पाणी व गाळ कोसळू लागला आणि कामाचे वेळापत्रक कोलमडले. दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस मिळाले ते १५ ऑक्टोबर २०१७ रोजी. उद्घाटन ३ ऑक्टोबर २०२० रोजी झाले.

बोगदा एकनळी असून दोन्ही दिशांची वाहने त्यातूनच जातात. अशा रचनेत आग लागल्यास धूर कोंडण्याचा धोका मोठा. म्हणून रस्त्याच्या खाली सुटकेसाठी स्वतंत्र अग्निरोधक मार्ग बांधला आहे.

मनाली-लेह अंतर यामुळे ४६ किलोमीटरने घटले. तथापि लेहचा रस्ता बारमाही झाला, ही समजूत चुकीची आहे; पुढे बारालाचा खिंड हिवाळ्यात बंदच होते. पहिला लाभ लाहौलचा. तेथील वाटाणा व बटाटा खिंडीचा घाट न चढता बाजारात पोचू लागला. लडाखच्या झांस्कर खोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील शिंकुन ला खिंडीखालच्या बोगद्याचे काम जुलै २०२४ मध्ये सुरू झाले.