मधला अडत्या : संथ तारांवरून चित्र नेण्याची गोष्ट

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गूळ हा या पेठेचा प्राण. गुऱ्हाळ गावाकडं, गिऱ्हाईक गुजरातेत, आणि दोघांच्या मध्ये अडत्या. या अडत्याबद्दल बरं-वाईट पुष्कळ बोललं गेलं आहे. पण व्यवहाराची एक बाजू त्यानं निश्चित सोपी केली होती. परगावच्या व्यापाऱ्याला प्रत्येक रवा डोळ्यांनी पाहावा लागत नसे. कुठल्या गावचा गूळ कसा उतरतो, कुठल्या गिऱ्हाइकाला कोणता रंग चालतो, हे अडत्याच्या डोक्यात आणि वहीत असे. त्यामुळं निरोप छोटा पुरे. ‘मागच्यासारखाच, आणखी पन्नास रवे’ एवढ्या शब्दांत सौदा होई, कारण ‘मागचा’ म्हणजे कोणता हे दोन्ही टोकांना ठाऊक असे.

संगणकाच्या जगात ‘प्रॉक्सी’ नावाचं जे प्रकरण आहे, ते बरंचसं या अडत्यासारखं. मराठी वाचकाला हा शब्द वेगळ्याच कारणानं परिचित असेल. कॉलेजात गैरहजर मित्राच्या नावानं ‘येस सर’ म्हणणं म्हणजे प्रॉक्सी लावणं. तोही अर्थ पुढं उपयोगी पडणार आहे.

दोन्ही टोकांना एकच वही ठेवायची आणि तारेवरून फक्त पानाचा आकडा पाठवायचा, ही युक्ती आपल्या तारखात्यानंही वापरली. शुभेच्छांच्या तारांसाठी ठरावीक मजकुरांची यादी असे आणि प्रत्येक मजकुराला क्रमांक. पाठवणारा फॉर्मवर क्रमांक लिही, तारेवरून तेवढाच आकडा जाई, आणि पलीकडच्या कचेरीत तो पूर्ण वाक्य होऊन शोभिवंत कागदावर उतरे. १ म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. ८ म्हणजे सुखी व दीर्घ वैवाहिक जीवनासाठी सदिच्छा. लग्नघरात वाचून दाखवल्या जाणाऱ्या तारांचे शब्द तेच ते का असत, याचं उत्तर या यादीत आहे. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. या क्रमांकांच्या हुशारीबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

आता संगणकाकडं वळू. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ नावाची चित्रव्यवस्था उभारायला घेतली. विद्यार्थ्याच्या मेजावर फक्त पडदा, कळफलक आणि माउस. काम करणारा प्रोग्राम मात्र इमारतीतल्या दुसऱ्याच यंत्रावर, अशी ती कल्पना. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि युनिक्सच्या जगात तीच रूढ झाली. या व्यवस्थेत सगळा पडदा तारेवरून जात नाही. ‘इथून इथवर रेघ ओढ’, ‘या जागी हे अक्षर काढ’, अशा आज्ञा जातात. हे किती शहाणपणाचं होतं ते साध्या गणितानं कळेल. ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, २५६ रंगांचा त्या काळातला पडदा म्हणजे ३,०७,२०० बाइट. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या लाइनवरून तो जसाच्या तसा पाठवायचा तर २५६ सेकंद, म्हणजे चार मिनिटांच्या वर वेळ लागेल. आणि मग कुणी माउस हलवला की पुन्हा पहिल्यापासून!

९,६०० हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा परदेशाशी जो दुवा मुंबईच्या एनसीएसटीतून १९८९ मध्ये जोडला गेला, त्याचा वेग तेवढाच होता. देशातल्या संशोधकांचा टपालव्यवहार त्या एका बारीक नळीतून चाले. पत्रं जात; पडदे जाण्याचा प्रश्नच नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हाही स्वस्तातलं विद्यार्थी खातं होतं ते निव्वळ अक्षरांचं. चित्रं पाहायची तर महागडं खातं. म्हणजे चित्र ही आपल्याकडं बराच काळ ऐपतीची बाब होती, आणि तारांच्या संथपणाचा इतिहास लिहिताना हे विसरून चालत नाही.

एक्सच्या आज्ञा छोट्या असल्या तरी एक खोट त्यात राहून गेली होती. ही व्यवस्था एकाच इमारतीतल्या वेगवान जाळ्यासाठी घडलेली. त्यामुळं प्रोग्राम पडद्याला सतत प्रश्न विचारी. हा रंग आहे का? ही अक्षरं किती रुंद? खिडकी कुठं ठेवू? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तो बहुधा थांबून राही. शेजारच्या खोलीत हे चालून जातं. मध्ये उपग्रह असला की मात्र गोष्ट वेगळी. ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येणं, आणि उत्तरासाठी पुन्हा तेवढाच प्रवास. एका प्रश्नोत्तराला जवळपास अर्धा सेकंद जातो. समजा, उघडताना एखाद्या प्रोग्रामनं पाचशे प्रश्न विचारले, तर चार मिनिटं निव्वळ वाट पाहण्यात गेली. नळी कितीही रुंद केली तरी ही वाट पाहणं कमी होत नाही, कारण ते अंतराचं आहे.

सुरुवातीच्या उपायकर्त्यांनी नळीकडंच जास्त लक्ष दिलं. १९९५ च्या सुमारास ब्रायन पेन यांनी ‘डीएक्सपीसी’ लिहिला. दोन टोकांना दोन मध्यस्थ. प्रत्येक आज्ञेची मागच्या तशाच आज्ञेशी तुलना करायची आणि बदललं असेल तेवढंच पाठवायचं. शाहूपुरीतलं ‘मागच्यासारखाच’ ते हेच. १९९६ च्या अखेरीस एक्सच्या अधिकृत आवृत्तीतही ‘लो बँडविड्थ एक्स’ नावाचा मध्यस्थ दाखल झाला. त्याच्या घडणीत सहभागी असलेल्या कीथ पॅकार्ड यांनीच पुढं त्याचा पंचनामा केला, आणि २००३ मध्ये गेटिस यांच्यासह मोजमापं घेऊन दाखवलं की, साध्या सर्वसाधारण दाबयंत्रणेपेक्षा या खटाटोपानं फार काही साधत नाही. खरा वेळ फेऱ्यांत जातो. आपलंच काम फसलं असं पुराव्यानिशी छापून मोकळं होणारे अभियंते मला फार मोलाचे वाटतात. पॅकार्ड-गेटिस यांचा रोख असा की, प्रोग्रामच सुधारा, त्यांना कमी प्रश्न विचारायला शिकवा.

रोमच्या जान फिलिप्पो पिंझारी यांनी दुसरी वाट धरली. प्रोग्राम जसे आहेत तसेच राहणार. मग मधल्यालाच हुशार करू. त्यांच्या नोमशीन कंपनीनं २००३ च्या सुमारास आणलेल्या ‘एनएक्स’मध्ये डीएक्सपीसीची तुलनेची युक्ती होती, दोन्ही टोकांना आज्ञांची आणि चित्रांची मोठी वही होती, आणि त्यावर प्रोग्रामच्या शेजारी बसणारा एक हस्तक होता. प्रोग्राम प्रश्न विचारतो, हस्तक पडद्याच्या नावानं तिथल्या तिथं उत्तर देऊन टाकतो. थेट कॉलेजातली प्रॉक्सी! फेऱ्या एकदम घटल्या. साध्या मोडेमवरून दूरच्या यंत्राचा अख्खा पडदा वापरता येऊ लागला. शिवाय हा हस्तक मूळ यंत्रावरच राहत असल्यानं, लाइन तुटली तरी उघडलेलं काम तसंच थांबून राही आणि पुन्हा जोडलं की जिथल्या तिथं सापडे. भारनियमनाची ती वर्षं ज्यांनी महाराष्ट्रात काढली, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण अडत्या मोठा झाला की वही कुणाची, हा प्रश्न येतोच. एनएक्सचे गाभ्याचे भाग तिसऱ्या आवृत्तीपर्यंत खुले होते. कुणीही वाचावेत, सुधारावेत. चौथ्या आवृत्तीपासून नोमशीननं दार लावून घेतलं. ज्यांचं काम या मध्यस्थावर चालत होतं त्यांच्यापुढं दोनच मार्ग राहिले : कंपनीच्या अटी मान्य करा, नाहीतर जुनी वही सांभाळा. ‘एक्सटूगो’ या प्रकल्पातल्या मंडळींनी दुसरा मार्ग घेतला आणि तिसऱ्या आवृत्तीचा तो खुला गाभा स्वतःच्या कष्टानं जिवंत ठेवला. कंपनीनं आपल्या श्रमाचे दाम मागावेत यात वावगं नाही. मात्र तिच्या पायाखालचा डीएक्सपीसी मुळात सर्वांसाठी खुला होता, हेही नोंदवायला हवं.

याच प्रश्नाचं सर्वांत धीट उत्तर मला शाहूपुरीपासून तासाभराच्या अंतरावर दिसतं. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरातली सुमारे ७० गावं संगणकानं जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प केंद्र व राज्य सरकारच्या मदतीनं सुरू झाला. गावागावांत केंद्रं उघडली, संगणक बसले, मोठ्या अपेक्षा छापून आल्या. प्रत्यक्षात त्या पडद्यांवर मुख्यतः कारखान्याचाच व्यवहार चाले : उसाचं वजन किती भरलं, तोडीची पाळी कधी, खत किती उचललं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी तिथं पाहणी केली आणि सात गावांत वेगळा प्रयोग मांडला. कारखान्यातल्या संगणकाला एक मोबाइल फोन जोडला. शेतकऱ्याच्या वतीनं ठरावीक आकडे एसएमएसनं यायचे, त्या फोनमार्फत संगणक हिशेब पाही आणि उत्तर एसएमएसनंच परत जाई. आठ महिने हे चाललं, संगणकापेक्षा कितीतरी स्वस्तात. २००७ मध्ये त्यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला. खिडक्या नाहीत, रंग नाहीत, माउस नाही. मधला अडत्या तेवढा शिल्लक, आणि त्याच्याकडून आलेली एक ओळ : तुमचा ऊस अमुक टन.